मालकी आणि वहिवाट

१८ ऑक्टोबर १८५६ रोजी फोर्ब्स नावाचा कंपनी सरकारचा अधिकारी शिपाई घेऊन तंजावरच्या राजवाड्यात शिरला आणि त्याने राजवाडा, आतल्या चीजवस्तूंसह, सरकारच्या ताब्यात घेतला. सरफोजीराजांचे पुत्र शिवाजीराजे वर्षभरापूर्वी, २९ ऑक्टोबर १८५५ ला, मुलगा नसताना वारले होते. मुलीच्या नावाने गादी चालवण्याचा विचार पुढे आला आणि मागे पडला. राजपद खालसा झाले, आणि त्यापाठोपाठ राजांची खासगी मालमत्ताही सरकारजमा झाली. थोरल्या राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. जॉन ब्रूस नॉर्टन या वकिलाने त्यांची बाजू लढवली आणि कोर्टाने कौल राणीसाहेबांना दिला. पण १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. लॉर्ड किंग्जडाउन यांच्या निकालाचा मथितार्थ असा, की ही जप्ती म्हणजे एका सत्तेने दुसऱ्या सत्तेविरुद्ध केलेले राजकीय कृत्य आहे. ते न्याय्य असो की अन्याय्य, दिवाणी कोर्टाला त्यात डोकावता येत नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल आजही शिकवला जातो. तंजावरचे मराठी राज्य मात्र मराठी शाळांतल्या इतिहासात दोन-चार ओळींवर आटोपते.

या निकालानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये, रोमानियाच्या सर्वोच्च न्यायालयात एक वेगळाच वाद निकाली निघाला. बुखारेस्टच्या ‘स्तेआवा’ या फुटबॉल क्लबचे नाव, चिन्ह आणि रंग कोणाचे, असा तो वाद. एकीकडे देशाचे संरक्षण मंत्रालय, दुसरीकडे क्लब चालवणारा धनिक मालक. न्यायालयाने नाव लष्कराला दिले. संघ, खेळाडू आणि पहिल्या श्रेणीतली जागा मालकाकडेच राहिली. परिणामी एका क्लबचे दोन क्लब झाले आणि दोघेही आपणच अस्सल असल्याचे सांगू लागले. तंजावर आणि बुखारेस्ट ही नावे एका दमात घेणे विक्षिप्त वाटेल, पण दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे: आश्रयदाता गेला की त्याने उभ्या केलेल्या संस्थेचा वारस कोण? आपल्या जमिनीच्या भांडणांनी मराठीला दोन नेमके शब्द दिले आहेत, मालकी आणि वहिवाट. मालकी कागदावर असते, वहिवाट पायाखाली. संस्थांच्या बाबतीत कोर्ट मालकीचा निवाडा करते. संस्था जगते ती वहिवाटीवर, आणि अखेर वारसही वहिवाटदारच ठरतो, असे माझे म्हणणे आहे. तंजावरइतका याचा भरघोस पुरावा मला दुसरीकडे दिसत नाही.

मुळात तंजावरचे मराठे स्वतःच आधी वहिवाटदार होते. विजापूरकरांच्या हुकमावरून व्यंकोजीराजे दक्षिणेत उतरले आणि १६७० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी तंजावर घेतले. तिथे त्यांना आयते मिळाले ते चोळांचे अफाट मंदिर, नायकांचा राजवाडा, कावेरीच्या पाटांवर पोसलेली भातशेती आणि तेलुगूत बहरलेला दरबार. ते मोडून त्यांनी तिथे पुणे किंवा सातारा उभारला नाही. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे १६८४ ते १७१२ एवढा काळ गादीवर होते. त्यांनी स्वतः तेलुगूत रचना केल्या आणि मराठीतही नाटके लिहिली. मराठी नाटकाचा आरंभ सांगलीत १८४३ साली झाला, हे आपण पाठ केलेले वाक्य आहे. तंजावरची हस्तलिखिते त्याच्याआधी दीडशे वर्षांची आहेत. ‘पण ती परंपरा महाराष्ट्रात आली नाही’ असे त्यावर उत्तर दिले जाते. ते खरे आहे, आणि ते माझ्याच बाजूचे आहे: वहिवाट तुटली की केवळ आधी लिहिले म्हणून पहिलेपणाचा मान कोणी देत नाही.

पुढे १७७३ ते १७७६ अर्काटच्या नवाबाने तंजावर बळकावले, ते इंग्रजांनी परत मिळवून दिले आणि त्या उपकाराची किंमत हप्त्याहप्त्याने वसूल केली. सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर बसले. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला किल्ला, वर्षाला एक लाख पॅगोडे आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. म्हणजे हातात पैसा भरपूर, अधिकार नाममात्र आणि लढाईचा प्रश्नच नाही. असे राजे हिंदुस्थानात तेव्हा पुष्कळ होते आणि त्यांतल्या बहुतेकांनी त्या पैशाचे काय केले ते सर्वश्रुत आहे. सरफोजीराजांनी संस्था उभ्या केल्या. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. इंग्रजीसह अनेक भाषा त्यांना अवगत होत्या. आपल्या पुस्तकांवर ते इंग्रजीत सही करत. त्यांनी ‘नवविद्याकलानिधी’ नावाचा छापखाना काढला. तिथे १८०६ साली इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत छापल्या गेल्या; त्या वेळी पुण्यात पेशवाई अजून नांदत होती. धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग चालत. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरला गेला. राजराज चोळाच्या मंदिराच्या दगडावर आपल्या घराण्याची कैफियत लिहावी, यात धाडस आहे आणि थोडी धास्तीही. ज्याला आपले नाव टिकेल याची खात्री असते तो इतके लांबलचक कोरत नाही.

या सगळ्यात राजांचे नाव आज ज्याच्यामुळे घेतले जाते तो ग्रंथसंग्रह मात्र त्यांनी सुरू केलेला नव्हता. तो नायकांच्या काळापासून होता, शहाजी-तुळजाजींच्या काळी वाढला होता. सरफोजीराजांनी त्याला आकार दिला. १८२० च्या सुमारास काशीयात्रेला गेले तेव्हा त्यांनी वाटेत आणि काशीत पोथ्या विकत घेतल्या, मिळाल्या नाहीत त्या नकलून घेतल्या, आणि पंडितांच्या हाताखाली त्यांची व्यवस्था लावली. फुटबॉलच्या भाषेत सांगायचे तर क्लबचे संस्थापक दुसरेच, पण त्याला स्पर्धा जिंकून देणारे मालक हे. आज संस्थेचे अधिकृत नावच ‘तंजावर महाराजा सरफोजी सरस्वती महाल ग्रंथालय’ असे आहे. नायकांचे नाव त्यात नाही. संस्थापकाऐवजी जोपासणाऱ्याचे नाव लागावे, हे अन्यायाचे असेल. पण संस्थांच्या जगात असेच होते.

आता १८५६ कडे परत जाऊ, कारण कसोटीचा काळ तिथून सुरू होतो. दरबार मोडला तेव्हा नेमके काय मेले आणि काय जगले, याची यादी केली तर तिच्यात एक संगती दिसते. जे फक्त राजाच्या देहाशी बांधलेले होते ते गेले: दरबाराचा थाट, मानमरातब, खजिना, धन्वंतरी महालाचे प्रयोग, छापखाना. छापखाना तर राजांच्या हौसेपलीकडे कधी गेलाच नव्हता; त्याची पुस्तके विकत घेणारा वाचकवर्ग तयार झाला नाही, आणि म्हणून मराठी मुद्रणाची परंपरा तंजावरहून नव्हे, सेरामपूर आणि मुंबईहून चालत आली. उलट, ज्या कामाला राजाखेरीज दुसरे कोणी तरी रोज हात लावत होते ते कसेबसे तगले, काही तर फोफावले.

नृत्याचेच पाहा. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार भाऊ तंजावरच्या दरबाराचे कलावंत. आज भरतनाट्यमच्या मंचावर अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत जो क्रम दिसतो तो बांधण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांतले चिन्नय्या म्हैसूरला गेले आणि वडिवेलू त्रावणकोरला स्वातीतिरुनाळांच्या दरबारी. म्हणजे आश्रयदाता हयात असतानाच संघातले खेळाडू दुसऱ्या संघांकडे जाऊ लागले होते. दरबार संपल्यावर विद्या त्यांच्या वंशात आणि शिष्यांत राहिली. याच कुळातले पंदनल्लूरचे मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै यांच्याकडे विसाव्या शतकात रुक्मिणीदेवी अरुंडेल शिकल्या. मराठी वाचकाला अधिक जवळची वाट बडोद्याची. १८८० मध्ये तंजावरच्या मोहिते घराण्यातली लक्ष्मीबाई सयाजीराव गायकवाडांशी विवाहबद्ध झाली, पहिली चिमणाबाई झाली, आणि तिच्यासोबत तंजावरचा नर्तकी-वादकांचा ताफा आंदण म्हणून बडोद्याला गेला. माणसे आंदण द्यावीत याची आज आपल्याला शिसारी येते, यायलाच हवी. पण इतिहास म्हणून पाहता, त्या ताफ्यातल्या गौरा आणि कांतिमती यांनी दरबार गाजवला, आणि कांतिमतींचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर यांनी पुढे बडोद्याच्या विद्यापीठात हेच नृत्य शिकवले. ‘तंजोरकर’ हे आडनाव बडोद्यात तयार व्हावे, हा वहिवाटीने लिहिलेला वारसदाखलाच.

कीर्तनाचे उदाहरण तर मालकीच्या सर्व कल्पना उलट्या करणारे आहे. १८६० च्या दशकात, म्हणजे राजपद बुडाल्यानंतर, रामचंद्रबुवा मोरगावकर नावाचे मराठी कीर्तनकार तंजावरला आले आणि राहिले. राजा नव्हता, पण ऐकणारे होते: राजघराण्याचे आप्त, रामदासी मठांचे लोक, पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली मराठी कुटुंबे, आणि संगीताचा कान असलेले तमिळ रसिक. त्या रसिकांतल्या कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनाचा साचा उचलला, त्यात कर्नाटक संगीत आणि तमिळ-संस्कृत कथा ओतली, आणि दक्षिणेची हरिकथा नव्या रूपात उभी केली. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्ते त्यांच्याबरोबर तमिळ मंचावर गेली आणि तिथे रुजली. महाराष्ट्रात नव्या पिढीला साकी म्हणजे काय ते विचारावे लागते. तमिळ हरिकथाकाराला ती चाल अजून ठाऊक असते. तंजावरच्या राज्याने पावणेदोनशे वर्षांत जितकी मराठी तमिळांच्या कानात घातली, त्याहून अधिक राज्य गेल्यावरच्या एका कीर्तनकाराने आणि त्याच्या तमिळ वारसाने घातली, असे म्हणायला मी तयार आहे.

ग्रंथालयाच्या बाबतीत मात्र एक सबळ आक्षेप आहे. सरस्वती महाल वाचले ते वहिवाटीने नव्हे, इंग्रजी शिस्तीने वाचले, असे म्हणता येते. १८७० च्या दशकात तंजावरचे जिल्हा न्यायाधीश असलेले बर्नेल यांनी संस्कृत पोथ्यांची वर्गवार सूची केली आणि ती १८८० मध्ये पूर्ण प्रसिद्ध झाली. जगाला या संग्रहाची ओळख झाली ती तिच्यामुळे. ज्या सरकारने राजवाडा लुटला त्याच सरकारच्या नोकराने ग्रंथ वाचवले, हा उपरोध मान्यच करावा लागतो. पण क्रम नीट पाहावा. प्रिव्ही कौन्सिलने हक्क नाकारल्यावर १८६२ मध्ये मद्रास सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत दिली. हक्क म्हणून नव्हे, नव्याने दिलेली बक्षिसी म्हणून. म्हणजे कायद्याच्या नजरेत राण्या दानाच्या धनी होत्या. पोथ्या राजवाड्यातच राहिल्या, आणि बर्नेल यांच्या मेजावर याद्या पोचल्या त्या पंडितांनी दप्तरे सोडली म्हणूनच. त्यानंतर घराण्यात वाटण्यांचे दावे लागले. कोणत्याही एका वारसाला संग्रह विकून टाकता आला असता. युरोपातल्या ग्रंथालयांनी अशा पोथ्यांसाठी थैल्या मोकळ्या ठेवलेल्याच होत्या. वारसांनी विकला नाही. १९१८ मध्ये त्यांनी ग्रंथालय आणि त्याच्या देखभालीसाठी एक लाख रुपये लोकांच्या स्वाधीन केले. सूची ही मोठी सेवा, पण राजा वारल्यानंतरची त्रेसष्ट वर्षे पोथ्यांना वाळवी लागू न देणे ही तिच्याहून मूलभूत सेवा. ती करणाऱ्यांची नावे सूचीत नाहीत. आज तिथे सुमारे ४९ हजार हस्तलिखिते आहेत, त्यांत मराठी जवळपास तीन हजार.

आता बुखारेस्टकडे वळू, कारण माझे म्हणणे तिथे थोडे अडखळते आणि ते लपवणे बरे नाही. स्तेआवाची स्थापना ७ जून १९४७ ची, राजाच्या सैन्याचा क्रीडासंघ म्हणून. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला राजा मिहाई यांना सिंहासन सोडावे लागले. मालक गेला, सैन्य राहिले, सैन्याचा धनी बदलला. क्लबची नावे बदलत गेली आणि १९६१ मध्ये ‘स्तेआवा’, म्हणजे तारा, हे नाव कायम झाले. कम्युनिस्ट राजवटीत सैन्याच्या संघाला जे मिळते ते सारे त्याला मिळाले: हवे ते खेळाडू, वरचा वरदहस्त, आणि हुकूमशहाचा मुलगा वालेंतिन चाउशेस्कूसारखा पाठीराखा. १९८८ च्या रोमानियन चषकाच्या अंतिम सामन्यात पंचांनी गोल नाकारला म्हणून संघ मैदान सोडून गेला आणि तरीही चषक त्यालाच देण्यात आला, एवढ्यावरून त्या काळाचा अंदाज यावा. तरीही ७ मे १९८६ च्या सेव्हिल शहरातल्या रात्रीला कोणाचा वशिला उपयोगी नव्हता. युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात समोर बार्सिलोना, आपल्याच देशात खेळणारी. पूर्ण वेळ आणि जादा वेळ संपेपर्यंत गोल नाही. पेनल्टीमध्ये गोलरक्षक हेल्मुथ दुकादाम याने बार्सिलोनाच्या चारही किका अडवल्या आणि स्तेआवा २-० ने जिंकली. लोखंडी पडद्याआडच्या देशातला हा चषक जिंकणारा हा पहिला क्लब. त्यानंतरची तीन वर्षे देशांतर्गत साखळीत सलग १०४ सामने तो हरला नाही.

१९८९ च्या डिसेंबरात राजवट कोसळली. १९९८ मध्ये फुटबॉलचा विभाग लष्कराच्या क्लबापासून वेगळा निघाला, आणि २००३ मध्ये जिजी बेकाली या व्यावसायिकाच्या हाती गेला. लष्कराने २०११ मध्ये दावा लावला, २०१४ मध्ये जिंकला. २०१७ मध्ये बेकाली यांच्या संघाला ‘एफसीएसबी’ ही चार अक्षरे घेऊन खेळावे लागले, आणि त्याच वर्षी लष्कराने चौथ्या श्रेणीतून ‘स्तेआवा’ नावाचा संघ नव्याने उतरवला. आता वहिवाट कोणाची? खेळात एकही हंगाम न चुकवता उतरलेला संघ एफसीएसबी. युरोपियन फुटबॉल महासंघ १९८६ चा चषक त्याच्याच खात्यात धरतो. २०२४ आणि २०२५ ची देशाची अजिंक्यपदे त्यानेच जिंकली. पण गॅलरीत उभे राहून गाणारे जुने कडवे समर्थक मोठ्या संख्येने लष्कराच्या संघाकडे गेले, चौथ्या श्रेणीच्या सामन्यांनाही गर्दी करू लागले. खेळण्याची वहिवाट एकाकडे, जीव टाकण्याची वहिवाट दुसऱ्याकडे. वहिवाटच वारस ठरवते असे म्हणणाऱ्याने यावर काय सांगावे?

यावर सोपे उत्तर असे, की वारसा दुभंगला कारण वहिवाटच दुभंगली होती. कोर्टाने फट पाडली नाही, असलेल्या फटीवर बोट ठेवले. पण सोप्या उत्तरावर मी समाधानी नाही, म्हणून तंजावरपासून जेमतेम बारा किलोमीटरवरचे दुसरे एक भांडण पाहू. तिरुवैयारूला कावेरीकाठी त्यागराजांची समाधी आहे. १८४७ मध्ये त्यागराज गेले. सरफोजीराजांचे बोलावणे त्यांनी नाकारल्याची कथा सर्वत्र सांगितली जाते. समाधी पुढे झाडोऱ्यात दिसेनाशी झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी शिष्यपरंपरेने तिथे आराधना सुरू केली आणि लवकरच दोन तट पडले, ‘पेरिय कच्ची’ आणि ‘चिन्न कच्ची’, म्हणजे थोरला पक्ष आणि धाकटा पक्ष. दोघांचे उत्सव वेगळे, गायक वेगळे, अहंकार मात्र सारखेच. बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी परंपरेतल्या गायिकेने आपली कमाई ओतून जागा घेतली, समाधीवर मंदिर बांधले, १९२५ मध्ये त्याची प्रतिष्ठा झाली. जागेची मालकी बाईंची, आणि समाधीसमोर गायची मुभा मात्र बाईंना नाही! दोन्ही पक्ष स्त्रियांना गाऊ देत नव्हते. बाईंनी कोर्टात जाऊन पक्षांना हुसकावले असते तर मंदिर त्यांचे राहिले असते आणि उत्सव दुसरीकडे गेला असता. त्यांनी स्त्रियांचा तिसरा पक्ष काढला, मंदिराच्या मागल्या बाजूला गाऊ लागल्या, आणि वर्षानुवर्षे गात राहिल्या. १९४० च्या सुमारास तिन्ही पक्ष एक झाले आणि स्त्रिया समोर गायला बसल्या. आज आराधनेला पंचरत्न कृती सगळे मिळून गातात तेव्हा कोण कोणत्या कच्चीचा हे सांगता येत नाही.

यातून माझे म्हणणे मी थोडे दुरुस्त करतो. वहिवाट म्हणजे नुसते चालू राहणे नव्हे. दुसऱ्याला आत घेण्याची तयारीही तिच्यात धरावी लागते. बुखारेस्टला ती तयारी दोन्ही पक्षांत नाही. आणि सरकारी मालकीच्या क्लबाला पहिल्या श्रेणीत जाण्याची वाट नियमांनी अनेक वर्षे अडवलेली राहिल्याने तिथल्या दोन कच्ची समोरासमोर येण्याचे प्रसंगही दुर्मीळच राहिले. कोल्हापूरचे उदाहरण याहून निरोगी वाटते. तिथल्या फुटबॉलला छत्रपती घराण्याचा आश्रय मिळाला, पण संघ राजवाड्याचे नव्हते, पेठांचे आणि तालमींचे होते: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले तेव्हा फुटबॉलवर कोणी दावा लावला नाही, कारण दावा लावण्याजोगे राजाच्या कपाटात काहीच नव्हते. सगळे आधीच गल्लीत होते. शाहू स्टेडियममध्ये हाणामाऱ्या होतात, सामने थांबतात, हे खरे. पण ‘तालीम कोणाची’ हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

फुटबॉलचा चषक आणि बुडालेले राज्य यांची तुलना थिल्लर आहे, असा शेवटचा आक्षेप राहतो. राज्याबरोबर माणसांचे भवितव्य जाते, क्लबाबरोबर रविवारची संध्याकाळ, असे म्हणतात. राज्याच्या बाबतीत मला हे मान्य आहे. पण तंजावरला १८५५ मध्ये राज्य नव्हतेच. ते १७९९ मध्ये गेले होते. छपन्न वर्षे तिथे उरले होते ते एक घराणे, त्याचे उत्पन्न आणि त्या उत्पन्नावर चालणाऱ्या संस्था. त्यातही जे सरफोजीराजांना सर्वांत प्रिय होते ते ग्रंथालय नव्हते असे म्हणायला जागा आहे. १८०१ मध्ये त्यांनी रेसिडेंट टॉरिन यांना पत्र लिहिले ते अन्नछत्रांसाठी. रामेश्वराच्या वाटेवरच्या यात्रेकरूंना जेवण घालणारी ही छत्रे आपल्याकडे राहू द्यावीत, अशी ती विनवणी होती. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यांतलेच. आज वाटसरूंच्या पंगती उठून गेल्या आहेत, इमारतींत शाळा आणि वसतिगृहे भरली, आणि छत्रांच्या मिळकतींचा कारभार जिल्हा प्रशासनाचे एक कार्यालय पाहते. राजाचे धर्मकृत्य सरकारी फाइलीत गेले, पण छताखाली अजून मुले आहेत. मला हे वाईट वाटत नाही.

वाईट वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. तंजावर दरबाराचा रोजचा कारभार मराठीत, मोडी लिपीत चाले: हिशेब, हुकूम, नाटकशाळेचा खर्च, कोणत्या कलावंताला किती धान्य दिले याची टिपणे. ते गठ्ठे राहिले. ते वाचले कोणी? १९८१ मध्ये तंजावरला तमिळ विद्यापीठ स्थापन झाले, आणि १९८९ मध्ये त्या विद्यापीठाने दरबारच्या मोडी कागदांचा टिपांसह तमिळ अनुवाद तीन खंडांत छापला. म्हणजे मराठी राजांच्या मराठी दप्तराची वहिवाट आज तमिळ अभ्यासकांकडे आहे, आणि त्यांनी ती कष्टाने कमावली आहे. वारसा आपला म्हणून आपण भाषणे करतो; त्यांनी मोडी शिकून घेतली. ज्या मराठी विद्यार्थ्याला मोडी येते आणि तमिळ शिकायची तयारी आहे, त्याने चेन्नईहून तंजावरची गाडी धरावी. सरस्वती महाल राजवाड्याच्या आवारातच आहे, आणि न वाचलेले गठ्ठे अजून पुष्कळ आहेत.